साहेबाची आरती

आमचे हे त्या दिवशी गळ्यात पाटी घालून घरी आले.

पाटी म्हणजे तळहाताएवढी लाकडी फळी, वर भोक पाडून सुतळी ओवलेली. मी ओट्यावर तांदूळ निवडत होते. समोरून हे आले ते मान ताठ ठेवून, आणि मागं गल्लीतली पोरं दात काढत. मला वाटलं, शाळेत काही मानपान झाला असेल.

"काय हो, बिल्ला मिळाला वाटतं?"

"मिळाला. वाच."

मी शिकलेली मराठी चार यत्ता, आणि पाटीवर कोरलं होतं इंग्रजीत. "मला कुठलं येतंय? तुम्हीच सांगा."

"मी मराठी बोललो, असं लिहिलंय."

"मग? मराठीचे मास्तर मराठी नाही बोलणार तर काय फारसी बोलणार?"

हे हसले नाहीत. आतून सासूबाईंनी डोकावून बघितलं आणि म्हणाल्या, "ताईत का रे बांधलास? दृष्ट लागली का कुणाची?"

"लागली, आई," हे म्हणाले आणि पाय धुवायला गेले.

आमचं कासारवेढं तालुक्याचं गाव. तिथं इंग्रजी हायस्कूल निघालं आणि गावाच्या कानात वारं शिरलं. हेडमास्तर खारकर मुंबईकडचे. त्यांनी नियम काढला, की आवारात जो मराठी बोलेल त्याच्या गळ्यात पाटी. त्यानं दुसऱ्या कुणाला मराठी बोलताना पकडून दिलं की पाटी त्याच्या गळ्यात. शाळा सुटताना ज्याच्या गळ्यात सापडेल त्याला छड्या. मग काय विचारता! पोरं अभ्यास सोडून एकमेकांच्या तोंडाला कान लावून हिंडायची. ठेच लागली तरी 'आई गं' म्हणायची चोरी.

त्या दिवशी ह्यांच्या तासाला नेमिनाथ नावाचा एक मुलगा कवितेचा अर्थ सांगत होता. तास मराठीचा, कविता मराठी, सांगणारा मराठी, ऐकणारे मराठी. हेडमास्तर व्हरांड्यातून चालले होते. ते आत आले आणि त्यांनी पाटी त्या पोराच्या गळ्यात अडकवली. हे म्हणाले, "सर, तास मराठीचा आहे." तर हेडमास्तर म्हणाले, "कविता मराठीत म्हणू द्या, विभूते. अर्थ मात्र इंग्रजीतच सांगायचा. परीक्षेत तसाच विचारतात."

पोरगं मुसमुसायला लागलं. ह्यांनी पाटी काढून स्वतःच्या गळ्यात घातली आणि तशीच घेऊन बाजारपेठेतून घरी आले.

जेवताना म्हणाले, "उद्या राजीनामा देतो."

"द्या," मी म्हटलं. "आणि परवापासून?"

आमचं घराणं गुरवाचं. महादेवाची पूजा करायची, गावाच्या लग्नाकार्यात पत्रावळी पुरवायच्या, सनई-चौघडा वाजवायचा. घराण्यात कोट घालून खुर्चीत बसणारा पहिला पुरुष म्हणजे हे. नोकरी सोडली असती तर थोरल्या दिरांच्या दारात जाऊन पळसाची पानं टोचत बसावं लागलं असतं. चंपी माझी तीन वर्षांची आणि धाकटी पाळण्यात. आणि दीर तसे भले, पण जाऊबाई! त्यांच्या हातचा घास खाण्यापेक्षा माणसानं उपास करावा.

ह्यांनी पानातला भात कालवला. मग म्हणाले, "राजीनामा नको. तेच मला काढून टाकतील असं काहीतरी करतो."

"म्हणजे एकच झालं की!"

"एक कसं? राजीनामा दिला तर मी गेलो एवढंच होईल. काढून टाकलं तर का काढलं ते गावाला कळेल."

शाळेचा बक्षीस समारंभ तोंडावर आला होता. शाळाखात्याचे इन्स्पेक्टर साहेब यायचे होते, अस्सल गोरे. असला कुणी मोठा पाहुणा आला की स्वागतपद्य लागायचं, आणि ते रचून मुलांकडून म्हणवून घ्यायचं काम मराठीच्या मास्तराचं. वर्षभर मराठीला कुणी कुत्रं विचारत नसे. तेवढ्या एका दिवशी तिला नऊवारी नेसवून, नथ घालून दारात उभी करायची.

"स्वागतपद्य लिहितो," हे म्हणाले. "साहेबाच्या टोपीखालचे केस उभे राहतील असं लिहितो. ह्या शाळांनी आमचं काय केलं ते त्याच्या तोंडावर, भर मांडवात. नोकरी गेली तर गेली, पण शब्द पोचला पाहिजे."

मी आमटी वाढली. असल्या वेळी बायकोनं आमटी वाढावी, दुसरं काय करता येतं?

लिहिलं त्यांनी. आणि लिहिलं ते शार्दूलविक्रीडितात. तालमीला निवडक मुलं आमच्याच घरी यायची, ओसरीवर ओळीनं उभी राहायची. ओळीओळीला ही मोठी जोडाक्षरं! पहिल्या ओळीला एक पोरगा अडखळायचा, दुसऱ्या ओळीला दुसरा लटकायचा, तिसऱ्या ओळीपर्यंत सगळे आडवे. हे पट्टी आपटायचे, पोरं थुंकी उडवायची, आणि आत माझी धाकटी झोपेतून दचकून उठायची. असं चार-पाच दिवस चाललं. ह्यांचा घसा बसला, तोंड उतरलं. मला बघवेना.

पोरं गेल्यावर मी पाण्याचं भांडं घेऊन बाहेर आले. "अहो, एक सांगू? रागावणार नसाल तर."

"सांग."

"हे काही पोरांच्या तोंडी बसायचं नाही. आणि बसलं तरी मांडवातल्या कुणाला कळायचं नाही. शब्द पोचायला हवा म्हणता, आणि मारुतीच्या शेपटासारखी ओळ करता."

"मग काय करू? ओवी लिहू?"

"आरतीच्या चालीवर बसवा. झांज हातात दिली की गुरवाचं पोर झोपेतसुद्धा म्हणतं. बाकीची पोरंही एका दिवसात शिकतील."

हे माझ्याकडं बघतच राहिले. लग्न झाल्यापासून कवितेच्या बाबतीत त्यांनी मला कधी काही विचारलं नव्हतं, आणि मी कधी तोंड घातलं नव्हतं. मग हळूच म्हणाले, "आरती! आपल्या देवळातली चाल, आपली झांज, आणि त्यात साहेबाची... वा गं वा!"

त्याच बैठकीत त्यांनी लिहून काढली. मला पुढं बसवून म्हणून दाखवली, मांडीवर ठेका धरून:

जिभा आमुच्या कापुन बोलाया शिकवी ।
डोळे आमुचे काढुन चष्मे बसवी ।
आईची ती ओवी रानटी ठरवी ।
गळा बांधुन पाटी पोपट मिरवी ॥
जय जय साहेबा, जय जय साहेबा ।
माणसे घेउनी कारकून दे बा ॥

अशी पुढं आणखी कडवी होती, एकापेक्षा एक जहरी. ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. नवऱ्याचं कौतुक करायची आमच्यात पद्धत नव्हती, पण मला त्या क्षणी फार अभिमान वाटला, आणि भीतीही तेवढीच वाटली.

आत सासूबाई देवापुढं हात जोडून उभ्या राहिल्या होत्या. "कुणाची रे आरती ही? नवी वाटती."

"साहेबाची, आई."

"असू दे. देव सगळे सारखेच."

पोरांनी खरंच दिवसभरात पाठ केली. रोज तालीम झाली की सासूबाई आपल्या उठून उभ्या. शेवटी गुडघे धरून म्हणाल्या, "दिवसातनं किती वेळा रे आरती? माझ्या पायांचा तरी विचार करा." एकदा हेडमास्तर स्वतः ऐकायला आले. मी दाराआडून बघत होते. ह्यांनी खूण केली, झांज वाजली, पोरांनी सूर लावला. हेडमास्तरांनी डोळे मिटून बोटांनी ठेका धरला. संपल्यावर म्हणाले, "चाल प्रासादिक आहे, विभूते. शब्द नीट पाठ करून घ्या म्हणजे झालं." आणि निघून गेले.

समारंभाच्या आदल्या दिवशी आम्ही वळकट्या बांधल्या. दिरांच्या गावी जायला बैलगाडी सांगून ठेवली. सासूबाईंना सांगितलं, की चार दिवस हवापालट. सगळी बांधाबांध झाल्यावर मी मटकी भिजत घातली, आणि ह्यांनी मळकी धोतरं परटाच्या पोराकडं टाकली.

समारंभाच्या सकाळी कोट चढवताना हे म्हणाले, "एक ठरवलंय. आज माझ्या तोंडून इंग्रजीचं अक्षर निघणार नाही. साहेबानं काही विचारलं तरी नाही. जे सांगायचं ते माझ्या भाषेत."

"बरं," मी म्हटलं.

मांडव खच्चून भरला होता. पुढं खुर्च्यांवर मामलेदार, फौजदार, वकील, व्यापारी. मधल्या मोठ्या खुर्चीत साहेब, उन्हानं टोमॅटोसारखा लाल झालेला. आम्ही बायका एका बाजूला चिकाच्या पडद्याआड. हेडमास्तरीणबाईंनी साहेबाला ओवाळायला तबक आणलं होतं, त्यातलं निरांजन अजून तेवत होतं. माझ्या मांडीवर धाकटी, शेजारी चंपीला धरून सासूबाई.

हे मुलांच्या बाजूला जाऊन उभे राहिले. चेहरा पांढराफटक. मी मनातल्या मनात महादेवाला म्हटलं, बाबा, आता तूच सांभाळ.

झांज वाजली.

आणि माझ्या शेजारी सासूबाई उभ्या राहिल्या. रोजची सवय! उभ्या राहिल्या, पदर सावरला, हात जोडले. त्यांना बघून मामलेदारांच्या आई उठल्या. आरती लागलीय आणि आपण बसलोय, हे कुठल्या बाईला खपेल? सगळा बायकांचा घोळका उठला. तिकडं पुरुषांनी मान वळवून बघितलं, बायका उभ्या, झांज चाललेली, उठले तेही. कुणी पायातल्या वहाणा काढल्या, कुणी टोपी सारखी केली. सगळा मांडव उभा राहिला म्हटल्यावर साहेबही उभा राहिला. राजाचं गाणं लागलं की उठायचं असतं, एवढं त्याला ठाऊक होतं. त्यानं टोपी काढून छातीशी धरली.

"जिभा आमुच्या कापुन बोलाया शिकवी," पोरं गात होती, आणि मांडव टाळ्यांचा ठेका धरत होता.

ह्यांच्या लक्षात आलं. ते पोरांच्या आवाजात आपला आवाज मिसळून गायला लागले. एकेक शब्द तोडून, ठासून. "डोळे आमुचे काढुन!" असं म्हणून साहेबाकडं हात केला. लोकांनी ठेका वाढवला. हे आणखी मोठ्यानं गायला लागले. गळ्याच्या शिरा फुगल्या, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. माझ्या मागं एक बाई म्हणाली, "बघा तरी, मास्तरांचा भाव कसा आहे! असा भाव हवा."

दुसऱ्या कडव्याला मामलेदारांच्या आईंनी ते तबक पडद्याबाहेर सरकवलं. मामलेदारांनी ते घेतलं, आणि ओवाळलं की हो साहेबाला! एकदा नाही, चांगलं सावकाश, वर्तुळं काढून. साहेब अवघडून हसत उभा. आरती संपल्यावर तबक मांडवभर फिरलं. एकेकानं ज्योतीवर हात धरून डोळ्यांना लावला. बक्षिसाच्या मुलांसाठी पेढे आणले होते, ते कुणीतरी प्रसाद म्हणून वाटून टाकले. सासूबाईंनी अर्धा चंपीला दिला, अर्धा स्वतः खाल्ला.

मग साहेबानं ह्यांना पुढं बोलावलं. स्वतः हात पुढं केला. काहीतरी विचारलं. हे गप्प. हेडमास्तर पुढं झाले आणि म्हणाले, "विभूते, साहेब विचारताहेत, पद्याचा अर्थ काय?"

आवारात हेडमास्तर मराठी बोलले, आणि पाटी आमच्या घरी!

मांडव शांत झाला होता. ह्यांना इंग्रजी येत होतं, चांगलं येत होतं. एक वाक्य टाकलं असतं तर साहेबाच्या हातातली टोपी खाली पडली असती. मी बघत होते. ह्यांचे ओठ हलले, मिटले, परत हलले.

"साहेब," हे मराठीत म्हणाले, "ही आरती नाही. ही शिवी आहे."

हेडमास्तर गोरेमोरे झाले. एकदा ह्यांच्याकडं बघितलं, एकदा साहेबाकडं, आणि इंग्रजीत घडाघडा बोलत सुटले. साहेबाचा चेहरा फुलला. त्यानं ह्यांचा हात दोन्ही हातांत धरला. नंतर मला हे म्हणाले, की हेडमास्तरांनी सांगितलं, 'मास्तर म्हणतात, साहेबांची थोरवी गायला आमची भाषा अपुरी आहे.'

संध्याकाळी गाडीवाला दारात आला. त्याला परत पाठवलं. मी वळकट्या सोडल्या. मटकीला मोड आले होते, तिची उसळ केली. हे दोन घास खाऊन उठले.

पुढचं काय सांगायचं! साहेबाच्या हुकुमावरून जिल्ह्यातल्या शाळाशाळांतून आरती सुरू झाली. ह्यांची नोकरी कायम झाली. हेडमास्तरांनी नवी पाटी करून घेतली, जुनी आमच्याकडंच राहिली, तिचं मी मिठाच्या बरणीवर झाकण केलं. गाव ह्यांना 'आरतीमास्तर' म्हणायला लागलं. खादीवाले वकील, जे पूर्वी ओसरीवर येऊन तासन् तास गप्पा मारायचे, ते रस्त्यात दिसले की तोंड फिरवायचे. एकानं तर तोंडावर म्हटलं, "मास्तर, ओवाळणी काय मिळाली?" ह्यांनी त्याला आरतीचे शब्द म्हणून दाखवले. तर तो म्हणाला, "आता सारवासारव करू नका."

मला फार वाईट वाटलं. हे पुन्हा कविता लिहायला बसले नाहीत. मुलांना शिकवायचे, पोरींची लग्नं केली, देवळात जायचे. पण आरती सुरू झाली की चप्पल घालून बाहेर निघून जायचे.

साहेब गेला, साहेबाचं राज्य गेलं, हेडमास्तर गेले, सासूबाई गेल्या. आरती तेवढी राहिली. शाळेनं ती कधी सोडलीच नाही. मोठा पाहुणा आला की झांजा निघायच्या.

मग परवा-परवा, म्हणजे चंपीला नातू झाला त्या साली, शाळेतली मंडळी घरी आली. शाळेचा हीरकमहोत्सव, मंत्री येणार. त्यांच्या हस्ते नव्या इमारतीचं उद्घाटन. नवी इमारत कशाची, तर इंग्रजी माध्यमाची. "आवारात मुलांना इंग्रजीच बोलायला लावतो, गुरुजी," त्यातला एक अभिमानानं म्हणाला. "आणि स्वागताला तुमचीच आरती. तुम्हाला शाल-श्रीफळ."

ह्यांचं वय झालं होतं, ऐकायला मात्र चांगलं यायचं. म्हणाले, "आरतीतले शब्द काही बदललेत का?"

"छे हो! मंत्र्यांनाही आम्ही साहेबच म्हणतो की. एक अक्षर बदलावं लागलं नाही."

मंडळी चहा पिऊन गेली. ह्यांनी कपबशा बाजूला सरकवल्या. मग म्हणाले, "ती पाटी कुठंय गं?"

"मिठावर."

"दे."

मी धुऊन, पुसून दिली. सुतळी केव्हाच कुजली होती. नवा दोरा ओवून मी त्यांच्या गळ्यात बांधत होते, तेव्हा पाठमोरेच म्हणाले, "चाल तू सुचवलीस."

"हो."

"तू गुरवाची पोर. तुला माहीत नव्हतं होय, आरतीचे शब्द कोण ऐकतं ते?"

माझे हात थांबले. इतकी वर्षं ह्या प्रश्नाची वाट बघितली होती, आणि तो आला तेव्हा मला रडू फुटलं. "माहीत होतं," मी म्हटलं. "माझ्या आप्पानं उभा जन्म पाटलाला आरतीत शिव्या घातल्या. देवळाची आमराई लाटली होती त्यानं. आणि पाटील पुढं उभा राहून टाळ्या वाजवायचा. दोन लेकी होत्या माझ्या. तुम्हाला बोलायचं होतं ते बोलून व्हावं आणि घरही राहावं, म्हणून सुचवली. तुम्हाला राग आला तर येऊ द्या."

हे वळले. हसत होते. इतक्या वर्षांनी दात पडलेलं तोंड उघडून हसत होते.

"राग कसला? मी कुणाचा पोरगा आहे? मीही गुरवाचाच की."

"म्हणजे?"

"उद्या गाव सोडून जाणारा माणूस परटाकडं धोतरं टाकतो का गं? आणि तू मटकी भिजवलीस ती मी बघितली नव्हती होय?" मग हसू ओसरलं. "बोलायचं तर होतं. ऐकू जायला नको होतं. म्हणून ती चाल धरली, म्हणून इंग्रजी बोलायचं नाही ठरवलं. नवस केला म्हणून गावाला सांगता येतं, भ्यालो म्हणून सांगता येत नाही."

आम्ही दोघं मिठाच्या उघड्या बरणीशेजारी बसून राहिलो. असा संसार.

समारंभाला ह्यांना पुढच्या रांगेत बसवलं, मला शेजारी. आल्या आल्या कुणीतरी ह्यांच्या गळ्यात झेंडूचा हा जाड हार घातला. पाटी त्याखाली दिसेनाशी झाली. मंत्री आले. नव्या कोऱ्या गणवेशातली मुलं झांजा घेऊन उभी राहिली. झांज वाजली, आणि सगळा मांडव उठला. मंत्रीही हात जोडून उठले.

हे बसून राहिले.

एक कार्यकर्ता वाकून म्हणाला, "आजोबा, उठा, आरती चाललीय."

"माहीत आहे. माझीच आहे."

मी उभी होते. जन्माची गुरवीण मी, आरतीला बसल्याचं आठवत नव्हतं. गुडघे दुखले, ताप आला, बाळंतपणातून उठले, तरी उभीच. महादेवा, माफ कर, म्हटलं, आणि बसले ह्यांच्या शेजारी.

आरती झाली, ओवाळून झालं. मंत्री मोठे लाघवी. कुणी सांगितलं, हेच ते कवी, तर खाली उतरून ह्यांच्या पाया पडले. "गुरुजी, दोन शब्द बोला ना," म्हणून स्वतः माईक पुढं धरला.

ह्या वेळी मधे हेडमास्तर नव्हते. साहेबाला मराठी येत होतं.

"साहेब," हे म्हणाले, "ही आरती नाही. ही शिवी आहे. तेव्हाही होती, आत्ताही आहे."

मंत्री खो खो हसले. "गुरुजी मोठे मिश्कील बरं का!" सगळा मांडव हसला. टाळ्या कडाडल्या. ह्यांनी माझ्याकडं बघितलं. तो चेहरा मी त्या मांडवातही बघितला होता, पडद्याआडून. तेव्हा मी धाकटीला थोपटत बसले होते.

मी उठले, आणि ह्यांच्या गळ्यातला हार काढला.

"अहो आजी, हार असू द्या, फोटो काढायचाय," कुणी म्हणालं. मी हार खुर्चीवर ठेवला आणि पाटी छातीवर सरळ केली. मोठ्या माणसांनी बघितली, एखादं पदक असेल म्हणून सोडून दिली. पण झांज घेतलेली एक चिमुरडी अगदी समोर उभी होती. इंग्रजी शाळेची पोर ती, दिसलं अक्षर की वाचायची. तिनं मोठ्यानं वाचलं. माईक अजून मंत्र्यांच्या हातातच होता, मांडवभर घुमलं. मग ह्यांच्याकडं बघून मराठीत म्हणाली, "आजोबा, तुम्ही मराठी बोललात म्हणून हे घातलं?"

"हो, बाळ."

"कुणी घातलं?"

पोरीनं मागं वळून आपल्या बाईंकडं बघितलं. बाईंनी पटकन खाली बघितलं. मग पोरीचा हात आपल्या गणवेशाच्या गळपट्टीकडं गेला. तिथं, रिबिनीखाली, दोऱ्यात ओवलेला एक छोटा प्लॅस्टिकचा बिल्ला होता. तिनं तो बाहेर काढून ह्यांना दाखवला.

"मी सकाळी पाणी मागितलं होतं," ती म्हणाली.

मांडवात कुणी हसलं नाही. ह्यांनी तिचा बिल्ला तिच्या गळ्यातून काढला आणि आपल्या गळ्यात, पाटीशेजारी घातला. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "अगं, पोरीला पाणी दे."